सत्रारंभीचा गणिताचा तास

शाळेचे वर्ष पावसाबरोबर सुरू होते, ही महाराष्ट्रातील वाचकाची लहानपणापासूनची समजूत. कोऱ्या पुस्तकांचा वास आणि जूनमधील पहिली सर त्याच्या मनात एकत्रच नांदतात. राजधानीत मात्र तसे घडत नाही. दिल्लीच्या शासकीय शाळांचे सत्र १ एप्रिल रोजी सुरू होते. त्यानंतर जेमतेम सहा आठवडे अध्यापन होते, तोच मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाळी सुटी लागते. ती जूनअखेर संपते आणि १ जुलैला तोच वर्ग तेच पुस्तक घेऊन पुन्हा एकदा प्रारंभ करतो. शेजारच्या गुरुग्राम व फरीदाबाद येथे, हरियाणाच्या नियमानुसार, सुटी जूनभर असते. नोएडा व गाझियाबाद येथे ती मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास लागते. तारखांचा हा फरक सोडला तर राजधानी परिसरात सर्वत्र एका वर्षाला दोन प्रारंभ असतात, आणि त्यांतील पहिला प्रारंभ रुजण्यापूर्वीच खंडित होतो.

इतर विषयांना याचा फारसा उपद्रव होत नाही. इतिहासाचा एक धडा हुकला तरी दुसरा वाचता येतो. गणिताची गोष्ट निराळी आहे. येथे प्रत्येक पायरी मागील पायरीवर उभी असते. पण त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे गणिताच्या तासाला कसे बसावे, कसे विचारावे, उत्तर चुकले असता काय करावे यांविषयीच्या सवयी विद्यार्थ्याच्या ठायी आधी रुजाव्या लागतात. या सवयींच्या घडणीचा विचार प्रस्तुत प्रकरणात केला आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते दिल्लीतील सहाव्या इयत्तेचे, आणि त्यास कारण आहे.

दिल्लीत प्राथमिक शाळा मुख्यतः नगर निगमाच्या आणि त्यापुढील शाळा शिक्षण संचालनालयाच्या, अशी विभागणी आहे. पाचवी उत्तीर्ण झालेली निगम शाळेतील मुले ‘प्लॅन ॲडमिशन’ या व्यवस्थेनुसार जवळच्या शासकीय शाळेत सहावीत दाखल होतात. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या दिवशी सहावीच्या वर्गात जी चाळीस-पन्नास मुले बसलेली असतात, ती निरनिराळ्या शाळांतून आलेली, एकमेकांना अपरिचित आणि अध्यापकांनाही अपरिचित असतात. त्यांपैकी अनेकांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही, ही गोष्ट लपून राहिलेली नाही. २०१६ मधील ‘चुनौती’ आणि २०१८ मधील ‘मिशन बुनियाद’ या दोन्ही उपक्रमांचा उगम या जाणिवेतच होता. दीर्घकाळ आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवले जात नसे, त्यामुळे सहावीतील उणीव नववीत उघडी पडे आणि तेथे मोठ्या संख्येने मुले अडखळत. त्यांतील काही शाळाच सोडून देत. सहावीचा एप्रिल हा म्हणूनच वरवर दिसतो तितका निरुपद्रवी महिना नव्हे. गणिताचा तास आपल्यासाठी आहे की पहिल्या बाकावरील चौघांसाठी, याविषयीचा निवाडा अकरा वर्षांचे मूल पहिल्या पंधरवड्यात मनोमन करून टाकते. तो निवाडा पुढे बदलणे फार कठीण जाते.

‘नित्यक्रम’ हा शब्द उच्चारताच काही सुधारक कपाळाला आठ्या घालतात. नित्यक्रम म्हणजे यांत्रिकता, म्हणजे घोकंपट्टी, असे समीकरण त्यांनी करून ठेवले आहे. वस्तुतः महाराष्ट्रातील जुन्या शिक्षणाचा कणा नित्यक्रम हाच होता. तिन्हीसांजेला दिवा लागला की घरोघरी परवचा होई, आणि पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी यांची मालिका मुले एका सुरात म्हणत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आज अनेकांना सांगावे लागते. रुपयाचे सोळा आणे होते, शेराचे पाव-अर्धे भाग होते, तोवर या अपूर्णांकी पाढ्यांना बाजारात रोजचे काम होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली आणि ते काम हळूहळू संपले. पण परवच्यापासून घेण्याजोगा धडा पाढ्यांत नाही, तो त्याच्या घडणीत आहे. परवच्याला साधन लागत नसे, ठरावीक वेळ असे, आणि प्रारंभ करण्यास कोणी सांगावे लागत नसे. त्यात उणीव एकच होती, आणि ती लहान नव्हती: ‘असे का?’ या प्रश्नाला तेथे जागा नव्हती. जुन्या नित्यक्रमाची ही बळकट घडण ठेवून तिच्यात विचाराला जागा कशी करून द्यावी, हा आजच्या अध्यापकापुढील प्रश्न आहे.

साधन लागत नसे, या गोष्टीवर भर देण्याचे कारण दिल्लीच्या इमारतींत आहे. येथील अनेक शासकीय शाळा दोन पाळ्यांत चालतात. सकाळी त्या इमारतीत मुलींची शाळा भरते आणि दुपारी मुलांची. दोहोंचे मुख्याध्यापक वेगळे, अध्यापक वेगळे, हजेरीपट वेगळे. बाके, फळा आणि भिंती मात्र त्याच. परदेशी अध्यापन-पुस्तकांत सत्रारंभीच्या तयारीसाठी वर्गाच्या एका कोपऱ्यात साहित्य मांडावे, भिंतीवर नियमांचा तक्ता लावावा, टोपल्यांवर नावे चिकटवावीत, अशा सूचना आढळतात. सूचना चांगल्या आहेत. पण जी भिंत दुपारी एक वाजता दुसऱ्याची होते तिच्यावर काय लावावे? सकाळी लिहिलेला फळा संध्याकाळी कोणी पुसला म्हणून तक्रार करता येत नाही. तेव्हा दिल्लीतील अध्यापकाला आपल्या वर्गाची घडी वस्तूंमध्ये बसवून चालत नाही. ती मुलांच्या अंगवळणी पाडावी लागते, म्हणजे खोली कोणतीही असली तरी ती त्यांच्याबरोबर येते.

पहिल्या दिवसाचा तास सामान्यतः कसा जातो? कॉपीला कोणत्या रंगाचे वेष्टन घालावे, समास किती बोटांचा सोडावा, कच्च्या कामाची कॉपी वेगळी असावी की नाही, यांत पस्तीस-चाळीस मिनिटे संपतात. (महाराष्ट्रात जिला वही म्हणतात तिला दिल्लीत कॉपी म्हणतात, परीक्षेतील नकलेशी तिचा संबंध नाही, निदान नसावा.) या सूचना अनावश्यक नाहीत. परंतु पहिल्या तासाला जे घडते तेच या विषयाचे स्वरूप, असे मूल समजते. वेष्टन आणि समास यांनी प्रारंभ केला तर गणित म्हणजे नीटनेटकेपणा, असा बोध त्याला होतो. त्याऐवजी अध्यापकाने वर्गात शिरताच काही न बोलता फळ्यावर एक उदाहरण लिहावे, आणि हजेरी होईपर्यंत सर्वांनी त्याचा विचार करावा. रोज असेच करावे. आठवडाभरात मुले अध्यापकाकडे न पाहता फळ्याकडे पाहू लागतात, आणि हजेरीतील पाच मिनिटे, जी एरवी गोंगाटात जातात, ती कामी येतात.

उदाहरण कोणते असावे, याबाबत चोखंदळपणा हवा. ते इतके सोपे असावे की कोणी बाहेर राहू नये, आणि त्याला एकाहून अधिक वाटा असाव्यात. १८ × ५ हे असे उदाहरण आहे. पेन खाली ठेवून मनातल्या मनात ते सोडवावयाचे. उत्तर मिळाले की हात उंचवायचा नाही. मूठ छातीशी धरून अंगठा वर करावयाचा. दुसरी रीत सुचली तर आणखी एक बोट. ही खूण क्षुल्लक वाटते, परंतु तिच्यामुळे मोठा फरक पडतो. हवेत झपाट्याने उंचावलेला हात पाहताच मागील बाकावरील मूल विचार करणे सोडून देते, कारण शर्यत संपलेली असते. छातीशी धरलेला अंगठा फक्त अध्यापकाला दिसतो. मौखिक गणिताच्या या पद्धतीला १९९०च्या दशकात अमेरिकेत रूथ पार्कर आणि कॅथी रिचर्डसन यांनी निश्चित रूप दिले. पुढे ती अनेक देशांत पसरली.

आता उत्तरे येतात. एक मुलगी म्हणते, वीस पंचे शंभर, त्यातून दोन पंचे दहा वजा, म्हणून नव्वद. दुसरी म्हणते, अठराचे निम्मे नऊ, पाचाची दुप्पट दहा, नऊ दाहे नव्वद. तिसरी दहा आणि आठ असे तुकडे करते. आणि चौथी ठामपणे ५४० हे उत्तर सांगते. पाच अठ्ठे चाळीस, पाच एके पाच, पाचापुढे चाळीस. येथे अध्यापकाची खरी कसोटी लागते. ‘चूक’ असे म्हणून पुढे गेल्यास ती मुलगी पुन्हा जुलैपर्यंत बोलणार नाही. तिचे उत्तर इतर उत्तरांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत फळ्यावर लिहावे, आणि वर्गाला विचारावे: वीस पंचे किती? शंभर. मग अठरा पंचे शंभरापेक्षा अधिक असेल की कमी? बहुधा उत्तर दुरुस्त करण्याचे काम ती मुलगी स्वतःच करते. पाच एके पाच यातील ‘एक’ हा एक नसून दहा आहे, हे तिच्या ध्यानी आले की स्थानिक किमतीचा एक संपूर्ण पाठ दहा मिनिटांत होऊन जातो. अदमास आधी आणि आकडेमोड नंतर, हा क्रम रोजच्या रोज पाळला तर वर्षाच्या अखेरीस वर्गात ५४० हे उत्तर क्वचितच ऐकू येईल.

प्रश्न विचारल्यानंतर किती वेळ थांबावे, याचा अभ्यास मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत केला होता आणि १९७०च्या दशकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अध्यापक सरासरीने सुमारे एक सेकंदच थांबतात, असे तिला आढळले. ही थांबण्याची मुदत तीन सेकंदांपर्यंत वाढविली की उत्तरे अधिक सविस्तर येत, आणि एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागत. तीन सेकंद! पण पन्नास मुलांच्या वर्गात, खिडकीबाहेर दुसऱ्या वर्गाचा खेळाचा तास चालू असताना, तीन सेकंदांची शांतता अध्यापकाला फार लांब वाटते. शांततेची सवय मुलांना लावावी लागते हे खरे. परंतु त्याआधी ती अध्यापकाने स्वतःला लावून घ्यावी लागते.

रोजच्या पाच मिनिटांत संख्यावाचनालाही स्थान द्यावे. सहावीच्या वर्गात हे बालिश वाटेल, पण हिंदी संख्यानामांची अडचण ज्याने पाहिली आहे त्याला तसे वाटणार नाही. ‘उनहत्तर’ हा शब्द ऐकून मूल ७९ लिहिते, कारण त्याच्या कानांत ‘हत्तर’ घुमत असते आणि ‘उन’ म्हणजे एक उणे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘उन्यासी’ म्हणजे ७९ आणि ‘नवासी’ म्हणजे ८९. उच्चारात दोन्ही इतके जवळ की प्रौढही घोटाळतात. दिल्लीतील मराठी घरातून आलेल्या मुलाची तर दुहेरी ओढाताण होते. मराठीत एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एकोण’ची परंपरा अखंड चालते आणि नव्व्याण्णवला खंडित होते; हिंदीत ती उन्यासीला संपते आणि नवासीला निराळाच नियम लागू होतो. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असेही वाचावे, अशी सूचना आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागील शैक्षणिक कारण शांतपणे मांडले. थट्टा मात्र विधानसभेपर्यंत पोहोचली. संख्यानामे बदलावीत की नाहीत, हा वाद दीर्घकाळ चालेल. अध्यापकाला त्याचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. त्याने संख्या उच्चारावी, मुलांनी लिहावी, आणि ती कोणत्या दशकात मोडते हे एकाने सांगावे; एवढा परिपाठ पुरेसा आहे.

या कामी ‘जोडो ज्ञान’ या दिल्लीतील संस्थेने प्रचारात आणलेली गणितमाळ उपयुक्त ठरते. शंभर मणी, दहा-दहांचे गट दोन रंगांत आलटून पालटून ओवलेले, इतकेच तिचे स्वरूप. नेदरलंड्समधील गणितशिक्षणाच्या परंपरेत अशी माळ पूर्वीपासून वापरली जाते. दोन मुलांनी दोन टोके धरली की ६९ हा मणी ७० च्या अलीकडे एकच घर आहे, हे साऱ्या वर्गाला दिसते आणि ‘उन’चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. शिवाय तास संपताच ती गुंडाळून पिशवीत टाकता येते. दुसऱ्या पाळीला तिची अडचण होत नाही.

कॉपीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण सगळ्या चांगल्या सवयींचा घात बहुधा तेथे होतो. चुकलेले उदाहरण खोडू नये, त्याच्या शेजारी दुरुस्ती लिहावी आणि कोठे चुकले ते एका वाक्यात नोंदवावे, असा नियम विचारी अध्यापक घालतो. पण तपासणीस आलेला अधिकारी स्वच्छ पाने आणि लाल शाईच्या सह्या मोजतो. पालकांनाही खाडाखोड दिसली की काळजी वाटते. मग मुले फळ्यावरील शुद्ध उत्तर उतरवून घेतात, आणि कॉपी जितकी सुंदर तितका तिच्यातील विचार कमी, अशी अवस्था होते. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी नेमलेल्या गणित-अध्यापनविषयक अभ्यासगटाने मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे या विषयाचे मुख्य उद्दिष्ट मानले, आणि गणिताविषयीची भीती हा पहिला अडसर असल्याचे नमूद केले. त्या उद्दिष्टाचा पुरावा स्वच्छ पानात शोधणे व्यर्थ आहे. यावर व्यवहार्य तोडगा इतकाच की पहिल्या पालकसभेत अध्यापकाने अशी एक खाडाखोडीची कॉपी स्वतः उघडून दाखवावी आणि ती चांगली का, हे सांगावे. मुख्याध्यापकांशी हे बोलणे त्याआधीच झालेले असावे.

सुदैवाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे सहावीचे ‘गणित प्रकाश’ हे २०२४ पासूनचे पुस्तक अशा प्रारंभाला अनुकूल आहे. त्याचे पहिले प्रकरण संख्यांच्या आकृतिबंधांचे आहे. १, मग १ + ३, मग १ + ३ + ५ अशा विषम संख्यांच्या बेरजा केल्या की १, ४, ९ हे वर्ग क्रमाने का प्रकट होतात, याचा शोध ठिपक्यांच्या चौकोनातून घेता येतो. ज्याला भागाकार येत नाही तोही या शोधात मागे राहत नाही. सत्रारंभी ही गोष्ट बहुमोल आहे, कारण मागील उणिवांची उजळणी करूनच प्रारंभ करावयाचा असे ठरविले तर कच्च्या मुलांना पहिल्याच दिवशी आपल्या कच्चेपणाची द्वाही फिरलेली ऐकू येते. उजळणी हवी, पण ती पाच मिनिटांच्या परिपाठातून, अंगठ्याच्या खुणेआडून व्हावी.

त्याच पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर भेटतात. देवळालीच्या शाळेतील या गणित-शिक्षकाने १९४९ मध्ये शोधलेली ६१७४ ही संख्या आज दिल्लीतील मुले अभ्यासतात. चार अंकी संख्या घ्यावी, सर्व अंक सारखे नसावेत. अंकांची उतरती मांडणी करून तीतून चढती वजा करावी, आणि जे येईल त्यावर तीच क्रिया करावी. ३०८७ घेतल्यास ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, नंतर ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा क्रिया केली तरी ६१७४च येते. अधिकाधिक सात पायऱ्यांत हा मुक्काम येतो. उन्हाळी सुटीसाठी याहून चांगला गृहपाठ शोधून सापडणार नाही. पन्नास वजाबाक्या करा असे सांगितले तर कोणी करीत नाही. पण बिहारातील किंवा उत्तर प्रदेशातील गावी गेलेले मूल रस्त्यावरील गाडीच्या पाटीवरचे चार अंक घेऊन ते ६१७४ला किती पायऱ्यांत पोहोचतात हे आपण होऊन पाहते, आणि वजाबाकी होत राहते. सुटीत संख्या जमवाव्यात, सात पायऱ्या लागणारी पहिली संख्या आणणाऱ्याने ती जुलैत फळ्यावर सोडवावी, एवढे सांगणे पुरे.

जुलैचा पहिला आठवडा हा एप्रिलच्या कामाची परीक्षा असते. कित्येक कुटुंबे गावाहून उशिरा परततात. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे ‘नॉन-प्लॅन’ प्रवेश जुलै उलटला तरी चालू असतात, आणि हजेरीपटाच्या तळाशी नवी नावे वाढत राहतात. नव्या मुलाला वर्गाची रीत कोणी सांगावी? अध्यापकाने सांगितली तर तो नियम होतो. बाकावरील सोबत्याने सांगितली, ‘हात वर करू नको, अंगठा धर, आणि का ते सांगायला तयार राहा’, तर ती त्या वर्गाची रीत होते. म्हणून जुलैत अध्यापकाने पुन्हा सर्व सूचना द्याव्यात, या सल्ल्यात तथ्य कमी आहे. त्याने फळ्यावर उदाहरण लिहून गप्प राहावे आणि वर्ग काय करतो ते पाहावे. एप्रिलमधील कोणती गोष्ट रुजली आणि कोणती उन्हात वाळली, ते दहा मिनिटांत कळते. जी वाळली तेवढीच पुन्हा लावावी.

यानंतर दसरा-दिवाळीपर्यंत अध्यापन बरे चालते. पण दिल्लीचा नोव्हेंबर भरवशाचा नाही. २०१६ पासून अनेक वर्षी विषारी धुक्यामुळे शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या; २०२३ मध्ये हिवाळी सुटीचे काही दिवस नोव्हेंबरातच देण्यात आले, आणि २०२४च्या नोव्हेंबरात वर्ग दूरध्वनीच्या पडद्यावर गेले. घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला, अशा मुलांपर्यंत उदाहरण रात्री आठनंतर पोहोचते. त्या वेळी अध्यापकाला अंगठा दिसत नाही, थांबण्याचे तीन सेकंदही मोजता येत नाहीत. उत्तराच्या खाली ‘कसे काढले’ हे एका ओळीत लिहून पाठविण्याची सवय ज्या वर्गाला एप्रिलपासून असते, त्या वर्गाकडून तेवढी एक ओळ येत राहते, आणि डिसेंबरात शाळा उघडल्यावर अध्यापकाला कोठून पुढे जावयाचे ते तिच्यावरून ठरविता येते.